गुरुवारचा विद्यार्थी

शांतवनदादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी आमच्या चर्चच्या पंच कमिटीच्या बैठकीत होतो. विषय वार्षिक स्नेहभोजनाचा होता. माझा थोरला भाऊ चाकणच्या कारखान्यात, मशीनजवळच, हृदयविकाराने गेला होता. मी ते सांगितलं तसे सगळे उठून उभे राहिले. पाळकसाहेब म्हणाले, "मंडळीचा खांब गेला." या वाक्याची नोंद इथे मुद्दाम करतो. कारण हा खांब तीन वर्षं प्रभुभोजनाच्या वेळी शेवटच्या बाकावर बसून राहत असे. भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे येण्याची त्याला परवानगी नव्हती.

नव्हती, कारण त्याचं दृढीकरण झालेलं नव्हतं. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता. पण जाणत्या वयात आपला विश्वास आपल्या तोंडाने कबूल करण्याचा हा विधी राहून गेला. पंधराव्या वर्षी नगरकडचं गाव सोडून तो भोसरीत एका वर्कशॉपला लागला. एक्कावन्नाव्या वर्षी त्याने दृढीकरणाच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली पोरं हसली. "अंकल, नापास झाला होता का?" "व्हय रे, छत्तीस वर्षं," तो म्हणाला आणि त्यांच्या बाकात गुडघे दुमडून बसला. त्याला नुसता विधी उरकायचा नव्हता, शिकायचं होतं. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणतात, तर ठेक्यावरच्या माणसाला कायम कामगाराने शेजारी धरायचं का? सुपरवायझरला क्षमा केली, पण त्याने उद्या पुन्हा शिवी दिली तर? कंपनीच्या जुन्या डायरीत तो असे प्रश्न लिहून आणायचा. पाळकसाहेब घड्याळ बघायचे. "शांतवनभाऊ, या वयात एवढे प्रश्न कशाला? विश्वास ठेवा, झालं."

वर्ग रविवारी भरे आणि आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. हे मंडळीत प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरी पाळी असेल त्याच आठवड्यात दादाला रविवारी सकाळी येता यायचं. हजेरी भरली नाही, वर्ष वाया गेलं. पुढचंही गेलं. मग तो कमिटीपुढे आला. "गुरुवारी एक तास द्या साहेब. आणखी पाचजण येतील." एक पंच म्हणाले, "म्हणजे प्रभूच्या दिवसापेक्षा कंपनी मोठी?"

"कंपनी मोठी न्हाई साहेब. पण गेट तिचं हाय."

 हजेरीचा नियम शिथिल करता येणार नाही, असा ठराव झाला. त्यावर सात सह्या आहेत. चौथी माझी आहे. बाहेर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "तू काय बोल्लास?" मी काहीच बोललो नव्हतो...

त्यानंतर चिखलीतल्या त्याच्या खोलीत दर गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बायबल उघडलं जाऊ लागलं. वहिनी वाचायच्या, तो डायरीत लिहायचा. प्रश्नाखाली चार ओळी कोऱ्या सोडायचा, उत्तरासाठी. ते पाचजण कधी यायचे, कधी नाही. मला तो दर आठवड्याला बोलवायचा. मी एकदाही गेलो नाही.

दफनविधीत पाळकसाहेब म्हणाले, "आज आपला बंधू प्रभूच्या मेजाशी बसला आहे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मला म्हणवलं नाही. तिथे हजेरी बघत नसावेत. इथे आम्ही बघत होतो, आणि ज्यांनी ती बघितली तेच त्याला खांदा देत होते. त्यात मीही होतो.

गेल्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळीच्या स्मरणिकेत दादाचे प्रश्न छापायचे आहेत. तरुणांना प्रेरणा मिळेल. तेवढी डायरी आणून द्या. मी चिखलीला गेलो आणि वहिनींना निरोप सांगितला. डायरी टेबलावरच होती, पेन आत तसंच. कोऱ्या ओळी तशाच कोऱ्या.

वहिनींनी डायरीवर हात ठेवला. "छापायला न्हाई द्यायची, भाऊजी. उत्तरं द्यायची असली तर इथं या म्हणावं." मग डायरी जवळ ओढत म्हणाल्या, "गुरुवारी. आन् तुमीबी."