आत्याने राखून ठेवलेलं नाव

बारशाची सगळी तयारी झाली होती, फक्त नाव नव्हतं. धाकट्या भावाला मुलगी झाली होती आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. हल्ली आत्याला ठरलेलं नाव कानात सांगण्यापुरतंच बोलावतात. पण माझी भावजय तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करूनही या बाबतीत जुन्या वळणाची निघाली. "ताई, नाव तुम्हीच ठेवायचं. आम्हालाही पाळण्यापाशीच कळू दे. फक्त फुलाचं किंवा झाडाचं ठेवा," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि पंचाईत ओढवून घेतली.

कारण फुलाचं एक नाव माझ्याकडे होतं. जुई. लग्नानंतर दापोडीच्या भाड्याच्या खोलीत मी आणि नवऱ्याने ते आमच्या मुलीसाठी ठरवलं होतं. मुलगी झाली नाही, मुलगाही नाही. दवाखाने झाले, नवस झाले आणि हळूहळू आम्ही त्यावर बोलणंच सोडलं. नाव मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ओळखीत कुणाला मुलगी झाली की मला धास्ती वाटायची, हिने तेच ठेवलं तर?

म्हणून मी दुसरं नाव शोधायला लागले. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच. कंपनीची बस मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकली की त्या नावं सुचवायच्या. शेजारी बसणारी, एका मेकॅनिकची बायको म्हणाली, "दीदी, यास्मिन ठेवा ना, ते पण फूलच आहे." नाव गोड होतं, पण माझ्या आईची जीभ अडखळली असती. केतकी म्हटलं की मला शाळेतली एक भांडखोर मुलगी आठवे, आणि मोगरा म्हटलं की अगरबत्तीचा पुडा. पारिजात ठेवलं तर चार दिवसांत लोक पारू करून टाकणार. शेवटी बीडकडची एक जण वैतागली. "ताई, तुमाला पोरीचं नाव ठेवायचंय का नुसती नावं ठेवायचीत?" सगळी बस हसली. मीही हसले, पण बाईने बरोबर पकडलं होतं. मी टाळत होते.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी सजावटवाल्याचा फोन आला, थर्माकोलची अक्षरं कोणती कापू? मी म्हटलं, नुसतं 'बारसं' काप. नवरा भाजी निवडत बसला होता. त्याला विचारलं, "जुई देऊ का?"

त्याने हातातली मेथी तशीच धरून ठेवली. मग म्हणाला, "एकदा दिलं की आपलं राहणार नाही."

"माहीत आहे."

"मग तू ठरव. मी नाही म्हणणार नाही."

मला त्याचा रागच आला. हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? झोपताना मी सायली हे नाव पक्कं केलं. चांगलं नाव होतं, कुणी बोट ठेवलं नसतं.

थेरगावच्या हॉलमध्ये पाळणा बांधला होता. मी त्याच्यापाशी उभी राहिले आणि उगाच त्याची झालर सारखी करू लागले. भावाची घरमालकीण मागून म्हणाली, "आत्यानं ठिवल्यालं नाव लाभतंय बाय. इचार कसला करती?"

मी वाकले. पोरीला वेखंडाचा वास येत होता. कपाळ आमच्याकडचं, रुंद. ती टक्क जागी होती. मला एकदम लाज वाटली. हिच्यासाठी मी बरंसं नाव आणलं होतं आणि सगळ्यात चांगलं ट्रंकेत दडवून ठेवलं होतं. ठेवणीतल्या साडीलाही शेवटी कसर लागते.

आत्या कानात नाव सांगते तेव्हा मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, अशी आमच्याकडची रीत आहे. मी "कुर्र" केलं आणि धपाटे सुरू झाले. कंपनीतल्या दोघींनी तर हात धुऊन घेतले. त्या गोंधळात मी पोरीच्या कानात जुई म्हणाले, मग सरळ उभी राहून मोठ्याने म्हणाले. आणि मला रडू फुटलं. बायकांना वाटलं, मार जास्त झाला. भावजय पाणी घेऊन धावली. मी काही समजावत बसले नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं.

पेढे वाटून झाल्यावर पुरुषमंडळी एकेक करून पाळण्यापाशी आली. नवरा सगळ्यांत शेवटी आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाळण्याच्या काठावर हात ठेवून तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "जुई." पोरीने मान वळवली नाही. त्याने पुन्हा हाक मारली.