रंगवलेला गंज

मंडळी, आत्ताच भंडाऱ्याहून परतलो, डोकं अजून तापलेलं आहे.

एकोडीत तलावाकाठी आईला बसायला लाकडी डेक बांधतोय. खाली कायम ओल, म्हणून वासे धरायला न गंजणारे, जस्ताचा मुलामा दिलेले जीआय ब्रॅकेट हवे होते. दुकानदाराने चकचकीत माल पुढे केला. किल्लीने खरवडून पाहिलं, तर चंदेरी रंगाखाली गंज.

"भाऊ, हे खालून लागते. कोनाले दिसते?"

"तुमच्या घरी लावाल का?" मी विचारलं.

"आमच्या घरी तं सिमेंट हाय," तो हसत म्हणाला.

त्या हसण्याची किळस आली. मी निघालो, तर बाजूच्या गिऱ्हाइकाने तेच ब्रॅकेट पिशवीत टाकले, "पोरीच्या झोपाळ्याले पाहिजेत," म्हणत. गंज त्यानेही पाहिला होता.

सांगा, जास्त राग कोणाचा यावा?