बाभळीखालचं वजन

मोजमाप करणाऱ्या माणसाजवळ आकडे राहत नाहीत, किस्से राहतात. आकडे साहेब घेऊन जातात. जुनी मंडळी चहाला जमली की बाभळीचा विषय निघतोच, आणि सगळे हसतात. मीही हसतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दुष्काळ पाठ सोडत नव्हता. बांधावर झाडं असली तर रानाला फायदा होतो की तोटा, हे मोजायचं काम धाराशिवच्या ऑफिसातून मला आणि माझा जोडीदार बाबर याला मिळालं. रान सास्तूरकडचं, गयाबाई आणि त्यांचे दीर नामदेवराव यांचं सामाईक. बांधावर तीन जुन्या बाभळी.

नामदेवराव म्हणायचे, "बाभळी ज्वारी खात्यात, तोडा." गयाबाई म्हणायच्या, "दुष्काळात शेरडं शेंगांवर जगली, तवा कुणी ज्वारी घातली न्हाय त्यांला." शेवटी ठरलं, सरकारी माप येईल तसं करायचं. बाभळीजवळ ज्वारी कमी भरली तर कुऱ्हाड. म्हणजे झाडांचा जीव आमच्या काट्यावर! मला तर जेवण गोड लागेना.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी फर्मान काढलं, "सावली किती जागा अडवते ते चुन्याची फक्की टाकून आखा."

बाबरनं छान पांढरी रेघ मारली. आम्ही गावात चहा पिऊन आलो तर रेघ उन्हात आणि सावली भलतीकडंच.

साहेब चिडले. "नीट आखता येत नाही का?"

"साहेब, मी आखली तेव्हा तिथंच होती," बाबर म्हणाला.

गयाबाई पलीकडं खुरपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती बी उन्हाला भ्याली असंल."

*

रानात पाऊस मोजायचं भांडं बसवलं होतं. मी रोज जायचो, वाकून बघायचो, कोरडं भांडं बघून परत यायचो. एक दिवस बघतो तर आत पाणी! आभाळात ढगाचा ठिपका नाही. हे पाणी पाऊस म्हणून धरलं गेलं असतं तर सगळं मोजमाप मातीत गेलं असतं.

चौकशी करत गयाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्याच घातलं. रोज येतंस, वाकून बघतंस, तोंड पाडून जातंस. बघवंना मला."

गावात तेव्हा टँकरनं पाणी येत होतं. त्यातलं तांब्याभर माझ्यासाठी! पाया पडलो आणि भांड्याला कुलूप लावून आलो.

*

ज्वारी दुधात आली तेव्हा साहेब पाहणीला आले. पाहुणा रानात आला आणि हुरडा न खाता गेला, असं आमच्याकडं होत नाही. नामदेवरावांनी बाभळीखाली आगटी पेटवली, जवळची चांगली टपोरी कणसं मोडून आणली. साहेबांनी मागून मागून खाल्लं. आम्हीही मागं राहिलो नाही.

हात झटकताना माझी नजर आम्ही हद्दीला ठोकलेल्या खुंट्यांवर गेली. कणसं मोडली होती ती आमच्या मापाच्या तुकड्यातली! बाभळीजवळचं जे पीक तोलायचं, तेच आम्ही बाभळीखाली बसून खाल्लं होतं.

साहेबांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "मूठभर हुरड्यानं काय होतंय?"

बाबर माझ्या कानात म्हणाला, "साहेबांनाच काट्यावर बसवावं लागंल."

मला हसू आलं नाही. नामदेवरावांनी कुऱ्हाडीला धार लावून ठेवली होती.

*

मापाचा दिवस उजाडला. ऊन मी म्हणत होतं. दोन ढीग करायचे होते, एक बाभळीजवळच्या तुकड्यातला, एक तेवढ्याच उघड्या रानातला. काटा टांगायला उघड्यावर काहीच नव्हतं, म्हणून बाभळीच्या फांदीला टांगला. उघड्या रानातली ज्वारीही पोत्यात भरून तिथंच आणली. साहेबांची खुर्ची बुंध्याशी, कोट फांदीला, पाण्याची घागर मुळापाशी, आणि नामदेवरावांचे बैलही त्याच खोडाला बांधलेले.

तोलून झालं. बाभळीजवळची ज्वारी कमी भरली. हुरडा धरला असता तरी कमीच होती. मी दोनदा तोलायला लावली.

"झालं न्हवं?" नामदेवराव उठले आणि कुऱ्हाड उचलली.

साहेब आकडे टिपून घेत होते. मी गयाबाईंकडं बघायचं टाळत होतो. त्या पदरानं तोंड पुसत पुढं आल्या.

"तोडा भावजी, ठरलंय तसं. पर आधी काटा सोडा. मंग साहेबांचा कोट काढा. त्यांची खुर्ची उन्हात न्या. घागर तिकडं ठिवा. बैलं सोडा, उघड्या रानात न्हिऊन बांधा. मंग घाला घाव."

नामदेवरावांनी काट्याकडं बघितलं. बैलांकडं बघितलं. मग समोरच्या रखरखीत रानाकडं.

"ऊन तरी उतरू द्या," ते म्हणाले, आणि कुऱ्हाड उशाला घेऊन बाभळीखाली आडवे झाले.