मेस्त्रींचं छत

नव्वदच्या सुरुवातीला सिमेंट हवं तेवढं मिळू लागलं, तेव्हा मी तंजावुरात नवा इंजिनिअर होतो. मामांच्या घरावर मी काँक्रीटचा स्लॅब टाकला.

"वर चुन्याचा थर द्या, नाहीतर घर भाजेल," म्हातारे तमिळ मेस्त्री म्हणाले.

"मेस्त्री, तुमची विद्या आता राजवाड्यात ठेवा. लोक तिकीट काढून बघतील," मी सगळ्यांदेखत म्हणालो. सगळे हसले. मेस्त्री खाली मान घालून गेले.

मे महिन्यात वरच्या खोलीत मामी घेरी येऊन पडल्या. मग मी मेस्त्रींच्या दारी गेलो. त्यांनी विटांचा चुरा चुन्यात कालवला, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घातलं आणि तो थर स्लॅबवर आठ दिवस बडवला. खोली गार झाली.

बघायला लोक आले. मेस्त्री कोपऱ्यात थापी धूत होते. मामांनी मला मराठीत विचारलं, "ही युक्ती यांची का रे?"

"छे, मीच शिकवलं त्यांना."

जन्मभर मराठी घरांत काम केलेल्या मेस्त्रींना ते कळलं. त्यांनी थापी पुसली आणि जिना उतरून गेले. त्या छतामुळे मला पुढे पुष्कळ कामं मिळाली. त्यांना मी एकाही कामावर बोलावलं नाही.