डिलाईल रोडचा बिबट्या

गेल्या गणपतीत, दुपारी पावणेपाच वाजता, डिलाईल रोडला एक बिबट्या दिसला. तो बिबट्या मी होतो.

पहिल्यापासून सांगतो. आमच्या चाळीचा गणपती जुना आणि आमचं नशीबही जुनंच. विभागातल्या देखाव्यांच्या स्पर्धेत आम्हाला दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस. (उत्तेजनार्थ म्हणजे 'आलात, बरं वाटलं, आता घरी जा'.) त्यात हा चाळीतला शेवटचा गणपती. नंतर चाळ पडणार आणि आम्ही भाड्याच्या घरांत पांगणार. मंडळाचे अध्यक्ष भाऊ सावंत, वय अठ्ठ्याहत्तर, सभेत उभे राहिले. "माका दुसरा काय नको. चाळ पडण्याआधी एकदा पयलो नंबर बघूचो आसा," म्हणाले आणि डोळे पुसत खाली बसले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात माझी बायको वैशाली उठली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे ती उठली की बाकीच्यांनी बसायचं असतं. तिचं माहेर बोरिवलीला, अगदी जंगलाला खेटून. भावाच्या बिल्डिंगच्या आवारात बिबट्या येतो. सकाळी वॉचमन नुसतं सांगतो, "काल साहेब येऊन गेले!" आणि लोक डबे घेऊन ऑफिसला जातात.

"आपण जिवंत देखावा करू," वैशाली म्हणाली. "'बिबट्या आपला शेजारी'! बिबट्या येतो, घरासमोरून शांतपणे जातो. लोक आरडाओरडा करत नाहीत, वाट देतात. बास!"

"बिबट्या कोण होणार?" भाऊंनी विचारलं.

तरणी पोरं ढोल-पथकात अडकलेली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी? अगं, बावन्न वर्षांचा माणूस मी! हे पोट बघ!"

"बिबट्याचं पण जेवल्यावर पोट सुटतं," वैशालीने निकाल दिला.

मग मीही मनावर घेतलं. माईकवरून सांगायचे नियम मी स्वतः लिहिले. गर्दी करू नका. पाठलाग करू नका. फोटोसाठी पुढे जाऊ नका. बिबट्याला निघून जायला मोकळी वाट ठेवा. वैशालीने पिवळ्या मखमलीचा पोशाख शिवला, वर काळे ठिपके आणि मागे ही एवढी लांब शेपटी! पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो ठेवायचा कुठे? मी डोकं लढवलं आणि पोटमाळ्यावर एका मऊ गोणीवर पसरून ठेवला.

त्या गोणीत सुके बोंबील होते.

गणपतीत घरात मासे बंद, म्हणून वैशालीने ते बांधून वर टाकलेले. पोशाख त्यावर आठवडाभर मुरला. मखमलीत उकडतं म्हणून तालमी मी बनियनवरच केल्या. त्यामुळे वासाचा पत्ता कुणालाच लागला नाही. आणि हा उपास नुसता आमचा नव्हता, तो बंड्याचाही होता! बंड्या म्हणजे आमच्या चाळीचा कुत्रा. एरवी सोळा घरांतली मासळी त्याच्या पोटात जाते. गणपती बसल्यापासून बिचारा वरण-भात आणि मोदकाच्या पारीवर दिवस काढत होता.

परीक्षणाचा दिवस उजाडला. तीन परीक्षक खुर्च्यांवर, गल्ली माणसांनी गच्च, माईकवर वैशाली नियम वाचून दाखवत होती. मी चार पायांवर ऐटीत प्रवेश केला. लोकांनी श्वास रोखला. (मी पण. आत फार वास येत होता!)

अर्ध्या वाटेवर मागून हुंगल्याचा आवाज आला. वळून बघतो तर बंड्या. त्याच्या डोळ्यांत अशी माया मी कधी पाहिली नव्हती. मग त्याने शेपटी धरली.

"हाड!" मी हळूच म्हणालो. बिबट्याला जोरात म्हणता येत नाही ना!

बंड्याने हिसका दिला. शेपटी माझ्या कमरेच्या पट्ट्याला पक्की शिवलेली, त्यामुळे हिसक्यासरशी मीही मागे गेलो. मग मात्र नाटक-बिटक सोडलं आणि दोन पायांवर रस्त्याकडे धूम ठोकली!

"वाचवा! अरे, धरा त्याला! मी आहे मी!"

आणि काय सांगू, सगळी गल्ली दुभंगली! इकडचे या भिंतीला टेकले, तिकडचे त्या भिंतीला. कोणी ओरडलं नाही. कोणी मोबाइल काढला नाही. परीक्षकसुद्धा उठून अदबीने बाजूला झाले. भाऊ सावंत हात पसरून सांगत होते, "गप उभे रवा रे! त्येका वाट देवा!"

आणि माईकवरून माझ्या बायकोचा शांत, गोड आवाज, "बिबट्या घाबरलेला आहे. कृपया कोणीही त्याच्या मदतीला जाऊ नये."

रस्त्यावर एक टेम्पो उभा होता. मी त्याच्या टपावर कसा चढलो, देव जाणे. शेपटी मात्र तुटून खालीच राहिली. बंड्या ती घेऊन सावलीत बसला आणि सणाचं जेवण जेवला.

संध्याकाळी गुडघ्यांना हळद लावून घेताना मी वैशालीवर उखडलो. "मी ओरडत होतो ते ऐकू आलं नाही तुला?"

"आलं ना. पण बिबट्या मराठीत बोलायला लागला तर काय करायचं, ते तुमच्या नियमांत कुठे होतं?"

दोन दिवसांनी निकाल लागला. पहिला नंबर! 'प्रेक्षकांना वन्यजीवांसोबत जगायला शिकवणारा एकमेव देखावा' म्हणून! ढाल घेताना भाऊ लहान मुलासारखे रडले. ती ढाल घेऊन ते सोळाच्या सोळा दारांसमोर थांबले, अगदी आधीच घर सोडून गेलेल्यांच्या कुलूप लागलेल्या तीन दारांसमोरही. अख्खी चाळ मागून नाचत होती आणि सुजलेल्या गुडघ्यांनी मीही नाचलो. जिंकलो हो आम्ही!

त्या गडबडीत परीक्षक बाई मला शोधत आल्या. "घाबरलेला बिबट्या इतका खरा मी कधी पाहिला नव्हता. कसं साधलंत?"

"भूमिकेत शिरावं लागतं, मॅडम," मी गंभीरपणे म्हणालो. टपावरून खाली काढायला चौघं आणि एक शिडी लागली, हे मी त्यांना कशाला सांगू?