सहा पडले तर दवाखाना

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याला मस्तगडातल्या एका दुकानात उभी होते आणि तिच्यासाठीच धाग्याच्या लडी निवडत होते. पोपटी हवा, शेवाळी नको, असं तिनं चारचारदा बजावलं होतं. फोन तिच्या सुनेचा, प्रज्ञाचा. रडू यायला हवं होतं, पण आधी आला तो राग. दुकानदारानं "बाई, किती देऊ?" विचारलं, तर त्या बिचाऱ्यावरच खेकसले. महिना उलटून गेला. काळ हे औषध आहे म्हणतात... असेल. माझ्या रागाला काही ते लागू पडलेलं नाही.

मंठ्याला आमची दारं समोरासमोर. मी शाळेत शिकवायचे, ती घर सांभाळून दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांचं भरतकाम, म्हणजे क्रॉस स्टिच, करायची. करायची म्हणजे सुरू करायची. नवा नमुना दिसला की जुना कपाटात. मोर, गुलाब, पोपटांची जोडी, झोपडी, पिंपळ... सगळं अर्धं. तिचे यजमान, गावाचे गुरुजी, आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या हिचा मोर लग्नापासून एका पायावर उभाय." सगळे हसायचे, तीही हसायची. पण एका दुपारी ती सगळं गाठोडं घेऊन माझ्याकडे आली, सहा कवड्या चटईवर ओतल्या आणि म्हणाली, "शोभा, हे मनावर सोडलं तर होत न्हाई. डावावर लावू." प्रत्येक कामाला एक आकडा. कवड्या फेकायच्या, जितक्या उताण्या पडतील त्या आकड्याचं काम त्या दिवशी हातात घ्यायचं, मन असो नसो. सगळ्या पालथ्या पडल्या तर सुट्टी. कामं खरंच हलली, मोराला दुसरा पाय आला. बाई लबाड, मोर तिनं तीनवर ठेवला होता, कारण लहानपणापासून खेळलेल्या तिला ठाऊक होतं, तीन उठसूट पडतात. सहाच्या सहा उताण्या क्वचितच, म्हणून सहावर काहीच नव्हतं.

मग एक दिवस तिनं माझा हात धरून स्वतःच्या काखेशी नेला. सुपारीएवढी गाठ होती. म्हटलं, उद्याच जालन्याला जाऊ. तिची धाकटी बहीण ऑपरेशनला गेली ती परत आली नव्हती; तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की निर्मलाचा चेहरा उतरायचा.

"जाऊ की. सहा पडले का दवाखाना," ती म्हणाली.

"अगं, दवाखाना ही काय डावावर लावायची गोष्ट आहे?"

"बाकीचं होऊन राह्यलं ना? मंग हे बी होईन."

मी भांडले. गुरुजींकडे गेले. त्यांनी पेपर जरासा खाली केला. "मी म्हणलो तिला. सहा पडू द्या म्हणती. तुम्हा बायकांचा खेळ, त्यात मी काय बोलू?" शिकलेलं घर, अंधश्रद्धेवर गावभर भाषणं देणारं, आणि घरच्या बाईचा जीव सहा कवड्यांवर टांगून स्वस्थ बसलेलं!

आणि सहा पडले. माझ्या डोळ्यांदेखत. मी चपला शोधायला उठले तर म्हणते कशी, "थांब, ती एक चटईच्या काठाला अडकली. धरायची न्हाई."

"निर्मला, पडलेत सहा."

"बिलकुल न्हाई!" तिनं परत फेकल्या. तीन. मोर मांडीवर घेऊन बसली. मी तशीच गुरुजींसमोर जाऊन उभी राहिले, सहा पडल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अडकल्ती का खरंच?"

शेवटी नेलं ते तिला उठवेना तेव्हा. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? मी म्हटलं, "डाव चालू होता."

ती गेल्यानंतरच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, जमलेली माणसं भिंतीवरची भरतकामं बघून म्हणत होती, काय चिकाटी बाईची! जाताजाता चार पुरी केली! मला तिथून उठून जावंसं वाटलं. पाचवं, पिंपळाचं, प्रज्ञानं माझ्या हातात दिलं. "मावशी, एक ओळ राहिली. पुरी करून द्या ना, फ्रेम करू." फुलीची ओळ भरताना जाताना सगळे टाके एका बाजूला तिरपे घालायचे आणि परत येताना त्यांच्यावर उलटे. निर्मलाचे जातानाचे टाके घालून झाले होते, ठाशीव, एकसारखे. परतीचा एकही नव्हता. सुई टोकाला टोचलेली.

"करून टाका बाई," गुरुजी म्हणाले. "अर्धं बरं दिसत न्हाई. लोक विचारतेत."

मी कापड प्रज्ञाला परत दिलं. म्हटलं, नाही करणार. असंच लाव, सुईसकट. कुणी विचारलं तर सहा पडले होते म्हणून सांग.

तिनं तसंच लावलं. परवा एका पाहुणीनं विचारलंच, हे अर्धं का राहिलं हो? गुरुजी उठून आत गेले. प्रज्ञानं सांगितलं.