राखीच्या भरवशावर ठेवलेली जोडी

मंडळातल्या भगिनींनो,

आज सकाळी शेजारच्या शेठाणीबाईंची कुत्री चंपी पिल्लं विताना मेली, म्हणून हे फळ्यावर लावते आहे.

शेरू आणि चंपी एकाच वेतातले. चंपी अजून वर्षाचीही नव्हती. भाद्रपद येतोय, दोघांना वेगळं बांधा, असं मी श्रावणातच बजावलं होतं.

शेठाणीबाई हसल्या. "बाई, चंपीच्या नावानं शेरूला राखी बांधून टाकली. सगे भाऊ-बहीण हायत, आता बिलकुल फिकीर न्हाई!"

"राखी कुत्र्याला कळते?"

"तुम्ही कॉलेजात शिकल्या ना, मंग तुम्हाला शंकाच फार!"

आज त्यांनीच चंपीला परसात पुरलं. शेरू तिचं गोणपाट सोडत नव्हता. मधूनच दाराकडे बघून कान टवकारायचा, शेपटी हलवायचा. दारात कुणीच नव्हतं. संध्याकाळ झाली, तरी ती हलणारी शेपटी डोळ्यांपुढून जात नाही.

जालन्यात अशा जोड्या पुष्कळ घरांत आहेत. तुमची मादी माजावर आली, तर नराला कुठे ठेवणार, हे ठरवलं आहे का?

जगलेलं पिल्लू एकच, मादी. शेठाणीबाईंनी दुपारी ते माझ्या पदरात घातलं. शेरू त्यांच्याकडेच राहिला.